शिवबाईचा गुडघा

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या त्या बोळात गेल्या तीस वर्षांत जी पोरं जन्मली, त्यातली निम्मीअधिक शिवबाईच्या पायांवर न्हालेली. न्हाणीत पाट टाकायचा, भिंतीला पाठ लावून पाय लांब सोडायचे, लुगडं वर खोचायचं आणि त्या दोन पायांच्या मधल्या खोलगट जागेत बाळाला पालथं घालायचं, ही तिची बैठक. एकदा बसली की बाळ कितीही बोंबलू दे, शिवबाईची घाई नाही. बोळातले मिशा फुटलेले गडीसुद्धा तिच्यासमोरून जाताना जरा सांभाळून जायचे, कारण ही बाई चारचौघांत म्हणायची, "लई रडायचास रं तू, पानी बघितलं की!" गड्याची अब्रू तिथंच धुऊन निघायची.

अशा बाईला गेल्या उन्हाळ्यात खाली बसता येईना झालं.

आधी पाटावरून उठताना भिंत धरावी लागायची. मग नळ धरावा लागायचा. एक दिवस नळच हातात आला आणि न्हाणीत कारंजं उडालं, तेव्हा सगळे हसले, शिवबाईही हसली. पण पुढं एसटीच्या पायरीवर पाय टाकणं जड झालं. पायाची नखं कापायला वाकता येईना. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होताना तोंडातून आवाज निघायचा, तो ती पदराच्या बोळ्यानं दाबायची. आणि हे सगळं नेमकं कुठल्या वर्षी व्हावं? ज्या वर्षी तिच्या स्वतःच्या घरात पाळणा हलायचा होता, त्या वर्षी!

तिची सून दानेश्वरी, तिकडं लांब तुमकूरची. शाळेत असतानाच तिची आई गेली होती, माहेरी वडील आणि एक भाऊ. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हटलं तर तिथं करणार कोण? गोड बातमी कळली त्याच दिवशी शिवबाईनं जाहीर करून टाकलं होतं. "बाळंतपन हितंच. तुजं न्हानं आन बाळाचं न्हानं, दोनी माज्या हातनं. दुसऱ्या कुनाचा हात लागू देनार न्हाय." दानेश्वरी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. आई गेल्यापासून आपल्यासाठी कुणी इतक्या ठासून काही बोललं नव्हतं, एवढंच तिच्या रडण्याचं कारण होतं.

तर खाली बसता येणं म्हणजे शिवबाईच्या दृष्टीनं काय होतं, हे एवढ्यावरून कळावं.

आता दानेश्वरीच्या मराठीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं.

बोळात निम्म्या घरांत कन्नड चालतं. दानेश्वरीचा नवरा मंजुनाथ होटगी रोडवर पाण्याच्या मोटारींच्या दुकानात कामाला, त्यालाही गिऱ्हाइकांमुळं कन्नड यायचं. पण शिवबाई बार्शीकडची. चाळीस वर्षं कानावर पडूनही कन्नड तिच्या जिभेवर काही बसलं नाही. तेव्हा दानेश्वरीनं हट्टच धरला, की अत्तेंशी बोलायचं तर मराठीतच. सासूला ती तिकडच्या रीतीनं 'अत्ते' म्हणायची. भाजीवालीशी भांडून, मालिका बघून, दुकानांच्या पाट्या वाचून पोरीनं दोन वर्षांत मराठी उचलली. 'तो'चं 'ते' व्हायचं, भाजी 'आणला' जायचा, पण बोलायला कधी कचरली नाही. तिला त्याचा अभिमान होता, आणि असायलाच हवा होता.

शिकता शिकता तिला एक गोष्ट ध्यानात आली. मराठी दोन आहेत. एक अत्तेंची घरातली, एक पाट्यांवरची. घरात हाय, पाटीवर आहे. घरात हितं, पाटीवर इथे. घरात पानी, बाटलीवर पाणी. शहाणी पोर होती, तिनं नियम करून टाकला. घरात घरातलं बोलायचं, बाहेर मोठ्या माणसांपुढं पाटीवरचं.

अत्ते घरात म्हणायच्या, "माजी मांडी लई दुखतीया बग." तुमकूरकडं कन्नडमध्ये गुडघ्याला म्हणतात मंडी. आणि सोलापुरात जिथं बघावं तिथं पाट्या होत्या, गुडघेदुखीवर उपचार, गुडघ्याचा त्रास आहे का. दानेश्वरीचा हिशेब पक्का बसला. घरातली मांडी, पाटीवरचा गुडघा. शंका घ्यायला जागाच नव्हती. मांडी घालून बस म्हटलं की माणूस गुडघेच तर वाकवतो!

मराठी माणूस इथं कपाळाला हात लावेल. पण हा हिशेब तिच्या डोक्यातच होता, कपाळाला हात लावायला तो घरात कुणाला ऐकूच आला नव्हता.

गणपतीच्या आधी दानेश्वरी सासूला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सातवा महिना होता, तरी मंजुनाथची वाट न बघता गेली. डॉक्टर तरुण होते, समोरच्या कागदावर लिहीत होते. शिवबाई तोंड उघडणार तेवढ्यात दानेश्वरी पुढं सरकली आणि एकेक शब्द निवडून बोलली, "डॉक्टर, आमच्या सासूबाईंचा उजवा गुडघा फार दुखतो आहे. खाली बसता येत नाही."

एकही चूक नाही. डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"तुमकूर."

"तुमकूर? मराठी झकास बोलता की!"

दानेश्वरीचा चेहरा असा फुलला की विचारू नका. मागं बसलेल्या शिवबाईचं उघडलेलं तोंड मिटलं, हे तिनं पाहिलं नाही.

डॉक्टरांनी गुडघा दाबला. शिवबाई "आई गं" म्हणाली. फोटो काढला. पासष्ट वर्षांच्या बाईचा गुडघा, त्यात झीज दिसणार नाही तर काय दिसणार? डॉक्टर म्हणाले, सांध्यात इंजेक्शन देऊ, सूज उतरेल, दुखणं कमी होईल, हालचाल मोकळी होईल. साखर तपासली, ती ठीक निघाली. शिवबाईला टेबलावर झोपवलं, गुडघा औषधानं पुसून काढला. तिनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरलं आणि डोळे मिटले. सुई वाटीच्या बाजूनं आत गेली. दानेश्वरीनं दुसरा हात धरला होता, तो शिवबाईनं इतका आवळला की बांगडीचा वळ उठला.

"दोन आठवड्यांत फरक पडेल," डॉक्टर म्हणाले.

पडला नाही. गणपती बसले आणि गेले, शिवबाई घरातल्या घरात भिंत धरूनच चालत होती. पुन्हा दाखवायला नेलं. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, सरळ केला, दोनदा केला. म्हणाले, "गुडघा चांगला वाकतोय आता. एवढं दुखायला नको खरं तर. व्यायाम करा, वजन थोडं उतरवा."

या वेळी मंजुनाथ बरोबर होता. वाईट पोरगा नव्हता, पण दिवसभर मोटारी बघणारा माणूस. मोटार नवीन वायंडिंग करून चालू झाली की झाली, मग ती तक्रार करत नाही. घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, गुडघा चांगला हाय म्हनलं की डॉक्टर. कधी कधी मनाचंबी असतंय. तू त्याचाच इचार करत बसू नको."

त्या दिवसापासून शिवबाईनं दुखणं सांगणंच बंद केलं. विचारलं तर म्हणायची, "बरं हाय." एखाद्याचं दुखणं औषधानं जात नाही, पण असं एक वाक्य ऐकलं की तोंडातून मात्र जातं. दानेश्वरीला वाटलं, खरंच बरं असेल. मग एके दुपारी ती कपडे वाळत घालायला मागच्या दारी गेली आणि पडवीतलं बोलणं तिच्या कानावर आलं.

पलीकडच्या गल्लीतली निंगव्वा आली होती. तीही बाळं न्हाऊ घालायची. दोघींचं उभं आयुष्य एकमेकींच्या हाताला नावं ठेवण्यात गेलेलं. निंगव्वाचं पाणी लई कडक, असं शिवबाई म्हणायची. शिवबाई तेल चोळते की पोराला मळते, असं निंगव्वा. आणि त्या निंगव्वाला शिवबाई सांगत होती, "आमच्या दानूचं बाळंतपन झालं की तू यीत जा. माज्यानं हुईल असं वाटत न्हाय."

"आगं, तुजं नातवंड!" निंगव्वा म्हणाली.

"म्हनूनच म्हनतीया. पाय दगा देनार मला. हातात बाळ आसताना दिला तर?"

निंगव्वाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती चहा न घेताच उठून गेली.

दानेश्वरी कपड्यांची बादली तशीच ठेवून आत आली. सासूवर तिला रागच आला. मला दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही म्हणाल्या होत्या! आणि मग लगेच स्वतःवर आला, कारण 'बरं हाय' हे तिनं सोयीचं म्हणून खरं मानलं होतं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी शेजारची पायल तिच्या सहा महिन्यांच्या पोराला घेऊन सोनं वाटायच्या तयारीचं काहीतरी विचारायला आली. हा पोरगा शिवबाईच्या हातचा शेवटचा, नळ उपटला गेला तो त्याच्याच न्हाण्याच्या वेळी. शिवबाई खुर्चीत बसली होती. पोराला बघून तिचा चेहरा उजळला.

"दानू, दे त्याला हिकडं. मांडीवर दे माज्या."

दानेश्वरीनं पोराला घेतलं आणि सासूच्या दोन गुडघ्यांवर नीट बसवलं. पोरगं तिथून घसरायला लागलं.

"आगं आगं! गुडघ्यावर काय बसवतीस, हुतुतू खेळनार हाय का त्यो? मांडीवर दे म्हनलं, मांडीवर!" असं म्हणत शिवबाईनं पोराला ओढून पोटाशी घेतलं.

दानेश्वरी तिथंच उभी राहिली. "अत्ते, गुडघा कुठला?"

"ह्यो." शिवबाईनं वाटीवर थाप मारली.

"आणि मांडी?"

शिवबाईनं पोराच्या बुडाखालून हात फिरवला. "ही काय. हितनं हितपातूर."

"अय्यो!" दानेश्वरी कन्नडमध्येच ओरडली. "तोडे! अय्यो देवरे, तोडे!"

"तोडे?" शिवबाईनं भुवया चढवल्या. "आता मधीच तोडे कशाला पायजेत तुला? लग्नात घातले की चांगले पायात!"

पायलला कन्नड येत होतं. ती हसत सुटली. "मावशी, त्यांच्यात मांडीला तोडे म्हनत्यात. आन मंडी म्हनजे गुडघा." शिवबाईही क्षणभर हसली. मग दोघींनी दानेश्वरीकडं बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं. पोरगी भिंतीला टेकून शिवबाईच्या गुडघ्याकडं बघत होती.

"कुठं दुखतंय तुम्हाला?" तिनं विचारलं. "मला बोट लावून दाखवा."

शिवबाईनं दाराकडं बघितलं, बाहेर कुणी गडीमाणूस नाही ना याची खात्री केली, आणि मग उजव्या मांडीच्या अगदी वर, जांघेत हात ठेवला. "हितनं निगतं. खाली गुडघ्यापातूर येतं. पन मूळ हितं."

संध्याकाळी मंजुनाथ घरी आला तेव्हा दानेश्वरीनं त्याला कन्नडमध्ये सगळं सांगितलं, आणि कन्नडमध्ये सांगितल्यामुळं ते जरा जास्तच तिखट झालं. 'मनाचं असतं' हे त्याचं वाक्य तिनं त्यालाच चार वेळा ऐकवलं. मंजुनाथ जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातून सुट्टी घेतली आणि तिघं डॉक्टरांकडे निघाले.

दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता. मंजुनाथ जुने फोटो आणायला काउंटरवर गेला होता. बाकावर सासू आणि सून दोघीच.

"अत्ते, मी चुकला," दानेश्वरी म्हणाली. "माझ्यामुळं तुम्हाला भलत्याच ठिकाणी सुई टोचलं."

शिवबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुज्यामुळं कशानं? मला कळलं हुतं की तवाच."

"काय कळलं होतं?"

"तू गुडघा म्हनलीस, तवाच. मी सांगनारच हुते. पन डॉक्टर म्हनलं, सून झकास बोलती. तुजं त्वांड असं फुललं हुतं, लग्नातबी न्हवतं तसं. म्हनलं, आता मधीच मी कशाला म्हनू, की ही चुकीचं बोलली? आत तपासायला गेल्यावर हळूच सांगू. आत त्यानं गुडघा दाबला, तर तितंबी दुखलं. फोटूतबी निगालं. मग मला वाटलं, शिकल्याला मानूस हाय, त्याला जास्त कळत आसंल." तिनं पदराचं टोक सोडलं. "आन खरं सांगायचं तर गड्यामानसापुढं जांघ म्हनायची लाज वाटली."

दोन वर्षं दानेश्वरी ज्या मराठीचा तोरा मिरवत होती, तो जपायला ही बाई टेबलावर झोपली होती, सुई घेतली होती, आणि वर महिनाभर 'मनाचं असतं' हेही ऐकून घेतलं होतं. तिला भरून आलं, आणि त्याच वेळी संतापही आला.

"माझ्या मराठीपायी तुम्ही सुई खाल्लं?" ती बाकावरच ओरडली. शेजारचे दोन पेशंट वळून बघायला लागले. "मी काय परकी आहे? मी चुकला तर चुकली म्हणायचं! डॉक्टरपुढं म्हणायचं, चौकात म्हणायचं! मला हसले तर हसू दे ना लोक! तुम्हाला दुखत असलं तर माझं तोंड फुललेलं घेऊन काय करू मी?"

"आगं हळू," शिवबाई म्हणाली. "पोटात बाळ हाय."

"तेही ऐकू दे!"

मग ती रडायला लागली. शिवबाईनं तिची पाठ चोळली आणि काही समजूत घालायच्या फंदात पडली नाही. समजूत घालण्यासारखं तिच्याकडं काही नव्हतंच, पोरीचं म्हणणं खरं होतं.

या खेपेला आत गेल्यावर दानेश्वरी गप्प बसली. मंजुनाथही बसला. शिवबाईनं स्वतःच सांगितलं. नजर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर खिळवून, पदर नीट ओढून घेत तिनं जांघेवर हात ठेवला. "डॉक्टर, दुखतंय ते हितं. गुडघा न्हाय. आमचं सांगायचं चुकलं."

डॉक्टरांनी तिला झोपवलं, गुडघा वाकवून पाय आतल्या बाजूला जरासा वळवला. शिवबाई अशी किंचाळली की बाहेरची नर्स आत आली. डॉक्टरांनी पाय हळूच खाली ठेवला.

"सांगायचं एकट्या तुमचंच चुकलं नाही, आजी," ते म्हणाले. "खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं, हे मला माहीत असायला हवं. पहिल्याच दिवशी मी हा पाय असा फिरवून बघायला हवा होता."

एवढं बोलायला धाडस लागतं, आणि ते त्या पोरानं दाखवलं, म्हणून त्याच्याबद्दल इथं आणखी वाईट लिहायचं नाही.

फोटो निघाला. खुब्याच्या सांध्यात झीज होती, चांगली दिसण्यासारखी. डॉक्टरांनी तिघांना नीट समजावून सांगितलं. इंजेक्शन खुब्यात द्यायचं, पण हा सांधा खोल असतो, म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई बघत बघत द्यायचं. त्यानं झीज भरून येणार नाही, सूज आणि कळ कमी होईल. काही महिने बरं वाटेल, कुणाला जास्त, कुणाला कमी. तेवढ्या काळात व्यायाम करून पायात ताकद आणायची. पुढं कधी सांधा बदलायची वेळ येऊ शकते, तेव्हाचं तेव्हा बघू.

"खाली बसता यील का?" शिवबाईनं एवढंच विचारलं.

"मांडी घालून नको, उकिडवं तर मुळीच नको. जरा उंचावर बसा."

"न्हाय, पाय लांब करून. बाळाला न्हाऊ घालायचं हाय."

डॉक्टरांनी दानेश्वरीच्या पोटाकडं बघितलं. "कधी आहे?"

"दिवाळीनंतर," मंजुनाथ म्हणाला.

"मग बसायची सोय उंच करा. बघू या."

दसऱ्यानंतर चार दिवसांनी इंजेक्शन झालं. पहिले दोन दिवस पाय जड जड राहिला आणि दानेश्वरीचा जीव टांगणीला लागला. तिसऱ्या रात्री शिवबाई उजव्या कुशीवर झोपली. दानेश्वरी सकाळी उठून बघते तर ही त्याच कुशीवर, तोंड उघडं टाकून घोरतेय. आठ दिवसांनी तिनं भिंत सोडली. पंधराव्या दिवशी जिना चढून गच्चीवर गेली आणि वरून बोळात हाक मारली, "निंगव्वा, तुजं बलावनं रद्द गं!" खालून निंगव्वानं काहीतरी कडक उत्तर दिलं. ते कन्नडमध्ये होतं, आणि तेच बरं झालं.

मंजुनाथनं सुतार गाठला. दोन चौरंग करून घेतले, दीड वीत उंचीचे, एक बसायला, एक पाय लांब सोडायला. एकाला मागून टेकूही मारून घेतला. सुताराकडं तो तीन वेळा गेला. आईला सॉरी म्हणणं त्याच्या घराण्यात कुणाला जमलेलं नव्हतं, चौरंग करून आणणं जमत होतं.

दिवाळीनंतर आठव्या दिवशी मुलगी झाली. नाळ पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत दोन्ही चौरंग मांडले. दानेश्वरीनं झोपून राहायचं असं ठरलं होतं, पण ती शाल गुंडाळून दारात येऊन उभी राहिली. मंजुनाथ बाळाला दोन्ही हातांत धरून, श्वास कोंडून उभा. शिवबाई भिंतीला हात लावून हळूहळू खाली झाली. चौरंगावर टेकली. पाय उचलून समोरच्या चौरंगावर ठेवले, आधी डावा, मग उजवा. उजवा ठेवताना ती थांबली.

"दे," ती म्हणाली.

शेकडो पोरं हाताळलेल्या त्या बाईनं आपलं नातवंड घ्यायच्या आधी हात दोनदा पदराला पुसले. तिनं बाळाला पायांवर पालथं घेतलं आणि पहिला तांब्या पाठीवर हळूच सोडला. बाळानं असा टाहो फोडला की मंजुनाथ दोन पावलं पुढं आला.

"आई, का रडतीया ती? काय दुखतंय का तिला? कुठं दुखतंय?"

"त्येच बगतीया," शिवबाई म्हणाली. "तिला सांगता येत न्हाय न्हवं? म्हनून आपन इचारायचं. बोटानं इचारायचं."

तिनं तेलाची बोटं बाळाच्या खांद्यावर ठेवली आणि सांधा हळूच गोल फिरवला. थांबली, बाळाच्या आवाजाकडं कान दिला. मग कोपर. मग मनगट. मग दुसरा हात. उताणं करून खुबा, एक पाय हलकाच पोटाकडं, मग बाहेर, मग दुसरा. शेवटी हरभऱ्याएवढ्या वाट्यांचे दोन गुडघे. प्रत्येक सांध्यापाशी ती म्हणत होती, "हितं? न्हाय. हितं? न्हाय. हितं? हितंबी न्हाय." बाळाचं रडणं हळूहळू कुरकुरीवर आलं. "कुटंच काय न्हाय. पानी आवडलं न्हाय बाईसाहेबांना, दुसरं काय!"

दानेश्वरी दारात रडत होती आणि हसतही होती. न्हाणं आटोपलं. बाळाला पंच्यात गुंडाळून तिच्याकडं दिलं गेलं, आणि ती आत वळली.

मंजुनाथ तिथंच राहिला. शिवबाई उठायच्या आधी जरा दम घेत होती. ओल्या फरशीवर तो आईच्या चौरंगाजवळ खाली बसला. मग त्यानं हात पुढं केला आणि आईच्या उजव्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

"हितं?"

शिवबाईनं त्याच्याकडं बघितलं. "न्हाय."

त्यानं बोट थोडं वर नेलं, मांडीवर. "हितं?"

"न्हाय."

तिनं या वेळी दाराकडं बघितलं नाही. पोराचा हात मनगटाला धरून उचलला आणि स्वतःच्या खुब्यावर नेऊन ठेवला.

"हितं," ती म्हणाली. "आजून हाय थोडं."

मंजुनाथनं हात तिथंच राहू दिला.